‘हवा तापली की लेक सुपिरियरमध्ये बिनधास्त उतरा’ : या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

मे संपत आला, मेमोरियल डेची लांब सुट्टी तोंडावर आली की मिनेसोटा, विस्कॉन्सिन, शिकागो, टोरांटोकडच्या मराठी ग्रुपांवर लेक सुपिरियरबद्दलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या गोड्या पाण्याच्या प्रचंड सरोवराबद्दलचा, एक संदेश फिरू लागतो. दर वर्षी त्यात एखादं वाक्य वाढतं, पण गाभा तोच. थोडक्यात मजकूर असा : हवा २८-३० अंशांवर गेली की पाणीही पोहण्याजोगं होतं. हवेचं आणि पाण्याचं तापमान फॅरनहाइटमध्ये मिळवा, बेरीज १२० च्या वर गेली तर खुशाल उतरा. जून-जुलै सगळ्यात चांगला, ऑगस्ट संपत आला की पुन्हा गारठा. ॲपवर पाण्याचा आकडा बघा आणि निघा. हायपोथर्मियाला (शरीराचं आतलं तापमान धोकादायक उतरायला) अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या डुबकीनं काही होत नाही. हळूहळू उतरलं की जास्त थंडी वाजते, एकदम उडी मारा. इथे भरती-ओहोटी नाही, शार्क नाहीत, खारं पाणी नाही, कोकणापेक्षा सुरक्षित. शिवाय हवामान बदलामुळे हे सरोवर आता पूर्वीसारखं थंड राहिलेलंच नाही. शेवटी पुण्याच्या रोहन मोरे यांचा दाखला : आपला माणूस बारा-तेरा अंशांच्या समुद्रात तासन्‌तास पोहतो, मग आपण दहा मिनिटांना का घाबरावं?

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे हे उघड आहे. आपल्या लोकांनी नुसते काठावर उभे राहून फोटो काढू नयेत, पाण्यात उतरावं, ही इच्छा माझीही आहे. मी या सरोवरात पोहतो, आणि त्याच्याइतकं स्वच्छ, नितळ पाणी मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. म्हणूनच या संदेशाकडे दुर्लक्ष करवत नाही. त्यातली बहुतेक विधानं अर्धवट खरी आहेत, आणि या पाण्यात अर्धवट खरं जीवावर बेतू शकतं.

हवेपासून सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

लेक सुपिरियर म्हणजे आपल्या मनातला तलाव नव्हे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. सरासरी खोली १४७ मीटर, आणि सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. एवढं पाणी हवेच्या मागोमाग तापत नाही. पण नुसता आकार हे कारण पुरेसं नाही. खरं कारण पाण्याच्या एका गुणधर्मात आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर या सरोवराचं पूर्ण वर्ष समजतं.

गोडं पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड पाणी हलकं, त्याहून गरम पाणीही हलकं. हिवाळा संपतो तेव्हा सुपिरियरचा पृष्ठभाग शून्य ते दोन-तीन अंशांच्या दरम्यान असतो. मे महिन्याचं ऊन त्यावर पडतं, वरचा थर थोडा तापून ४ अंशांकडे सरकतो, म्हणजेच जड होतो, आणि खाली बुडतो. त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. तेही तापतं, तेही बुडतं. दुधाचं मोठं पातेलं तळापासून ढवळत राहिलं तर साय धरत नाही, तसं ऊन कितीही पडलं तरी उबदार असा वेगळा थर वर टिकत नाही. सगळी उष्णता शे-दीडशे मीटर खोलीच्या पाण्यात वाटली जाते. हे ढवळणं सरोवराच्या मधल्या खोल भागात जूनच्या अखेरीपर्यंत, काही वर्षी जुलैतही चालू राहतं. संपूर्ण पाणी ४ अंशांवर आलं की मगच वरचा थर हलका होऊन वर राहू लागतो आणि झपाट्यानं तापतो.

काठाजवळच्या उथळ पाण्यात हे आधी घडतं. वसंतात काठालगतचं ४ अंशांहून उबदार पाणी आणि आतलं ४ अंशांहून थंड पाणी यांच्यामध्ये एक सीमा तयार होते, आणि ती हळूहळू आत सरकत जाते. त्यामुळे जूनमध्ये उथळ वाळूवर पाय बुडवले तर पाणी सुसह्य वाटतं आणि थोडं पुढे गेलं की एकदम गोठवणारं लागतं. गुडघाभर पाण्यात पाय टाकून ‘छान आहे, चला’ म्हणणारे नेमके इथे फसतात.

आकड्यांत सांगायचं तर संपूर्ण सरोवराच्या पृष्ठभागाची सरासरी जूनच्या सुरुवातीला ४-५ अंशांच्या आसपास असते, जुलैच्या मध्याला साधारण १० च्या जवळ येते, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात १६-१७ च्या आसपास शिखर गाठते. सप्टेंबरच्या मध्यातही ती बहुधा जुलैच्या मध्यापेक्षा जास्त असते. कोकण किनाऱ्याचं समुद्राचं पाणी वर्षभर साधारण २५ ते ३० अंशांत फिरतं. म्हणजे सुपिरियरचं वर्षातलं सर्वांत उबदार पाणीसुद्धा आपल्याकडच्या सर्वांत थंड समुद्राहून बरंच गार असतं.

तेव्हा ‘जून-जुलै सगळ्यात चांगला, ऑगस्ट संपला की गारठा’ हे थेट उलटं आहे. सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास येतो; पाण्याचा उन्हाळा त्यानंतर दोन महिन्यांनी. पोहायचं असेल तर ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरची सुरुवात हा काळ धरा. तोवर लेबर डेची सुट्टी येते, शाळा सुरू होतात, किनारे रिकामे होतात, आणि नेमकं तेव्हाच पाणी सर्वांत चांगलं असतं.

२०१४ चं उदाहरण अनेकांना आठवत असेल. तो हिवाळा कडक होता, मार्चच्या सुरुवातीला पंचमहासरोवरांचा (सुपिरियर आणि शेजारची चार मोठी सरोवरं) नव्वद टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग गोठलेला होता. मेमोरियल डेच्या सुट्टीत मिशिगनमधल्या मार्क्वेटच्या किनाऱ्यावर लोक पोहण्याच्या कपड्यांत ऊन खात होते आणि समोर पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. सरोवरातला शेवटचा बर्फ जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकला. हवेवरून पाणी ओळखणाऱ्यांनी ते फोटो पुन्हा एकदा पाहावेत.

आता १२० ची बेरीज. हा नियम मराठी ग्रुपांवर जन्मलेला नाही. तो कयाक (छोटी वल्ह्याची होडी) चालवणाऱ्यांमध्ये फार वर्षांपासून फिरतो आणि थंड पाण्याच्या सुरक्षिततेवर काम करणारे लोक तो तितक्याच वर्षांपासून खोडून काढत आहेत. तो का चूक आहे हे तपासायला एक हिशेब पुरे. हवा ८० फॅरनहाइट, म्हणजे साधारण २७ सेल्सिअस. पाणी ४२ फॅरनहाइट, म्हणजे साडेपाच सेल्सिअस. बेरीज १२२. नियमानुसार ‘खुशाल उतरा’. साडेपाच अंशांच्या पाण्यात! शरीर पाण्यात असताना वरच्या हवेचा त्याला काही उपयोग नसतो, पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. हा नियम दिसेल तिथून काढून टाका.

फॅरनहाइटचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. इथे किनाऱ्यावर कोणी ‘पाणी पन्नास आहे’ म्हणालं की भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या कानाला तो आकडा उबदार वाटतो. पन्नास म्हणजे १० सेल्सिअस. साठ म्हणजे साडेपंधरा. सत्तर म्हणजे २१. अमेरिकेत थंड पाण्याविषयी सल्ला देणाऱ्या संस्था सत्तरच्या खालचं कोणतंही पाणी जपून घ्या असं सांगतात, आणि सुपिरियरचं उघडं पाणी बहुतेक वर्षी सत्तरला पोहोचतही नाही. घरातल्या मोठ्यांना हे तीन आकडे आधीच सांगून ठेवा.

‘ॲपवर आकडा बघा आणि निघा.’ बघा, जरूर बघा. पण तो आकडा कुठला आहे हे माहीत असू द्या. अमेरिकेच्या नोआ या हवामान-सागर संस्थेचे बोये (मोजमाप करणारी तरंगती उपकरणं) सरोवराच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागात खोल पाण्यात असतात. तिची ॲन आर्बरची प्रयोगशाळा उपग्रहांवरून पूर्ण पृष्ठभागाचा रोजचा नकाशा काढते. दोन्ही फार मोलाचे आहेत. पण ढगाळ दिवसांत उपग्रहाला पृष्ठभाग दिसत नाही, तिथे आधीच्या दिवसांची माहिती भरलेली असते, आणि काठालगतची पाणपट्टी या नकाशात बारकाईनं येत नाही. तुमच्या बीचचं पाणी तासाभरात बदलू शकतं, आणि ते बदलतो वारा.

उन्हाळ्यात उबदार पाण्याचा थर पातळ असतो, काही मीटर ते दहा-पंधरा मीटर. त्याखाली ऐन ऑगस्टमध्येही चार-पाच अंशांचं पाणी असतं. मिनेसोटाचा उत्तर किनारा नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेला आहे. नैऋत्येचा वारा त्याला समांतर वाहतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे काठापासून आत ढकललं जातं. ती जागा भरायला खालचं पाणी वर येतं. सरोवराच्या पश्चिम टोकाला असलेल्या डुलूथ शहरातल्या पार्क पॉइंटवर, त्या लांबच लांब वाळूच्या दांड्यावर, हाच वारा सरळ जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, आपल्याकडच्या मतलईसारखा. परिणाम तोच. काल १८ अंश असलेलं पाणी आज आठ-नऊ अंश. ढग नाही, वादळ नाही, लाटा नाहीत. किनाऱ्यावर उभं राहून काहीही वेगळं दिसत नाही.

आणि लोकांची सर्वांत जास्त फसगत होते ती यामुळे की इथे उन्हाळ्यात कडक ऊन बहुधा याच नैऋत्येच्या किंवा पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतं. म्हणजे ज्या दिवशी हवा सर्वांत गरम, आकाश निरभ्र, सगळ्या डुलूथला बीचवर जावंसं वाटतं, त्याच दिवशी पाणी बर्फासारखं असण्याची शक्यता जास्त. उलट ईशान्येचा गार वारा दिवस-दोन दिवस वाहिला की वरचं उबदार पाणी डुलूथच्या कोपऱ्यात येऊन साचतं. हवेवरून पाणी ओळखण्याचा नियम इथे नुसता अपुरा पडत नाही, तो पुष्कळदा उलटाच लागतो. मात्र ईशान्येचा वारा लाटाही घेऊन येतो, म्हणून तो वाहत असताना उतरायचं नसतं. तो पडला, लाटा बसल्या, की मग.

आता दहा मिनिटांकडे येतो. हा या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो. हायपोथर्मियाला वेळ लागतो हे विधान अगदी बरोबर आहे. बर्फाळ पाण्यातसुद्धा मोठ्या माणसाच्या शरीराचं आतलं तापमान धोक्याच्या पातळीखाली यायला साधारण अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. पण थंड पाण्यात बुडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्या अर्ध्या तासापर्यंत पोहोचतच नाहीत.

पहिल्या मिनिटात काय होतं ते पाहा. त्वचा एकदम गार पडली की माणूस जोरानं श्वास आत ओढतो. हे इच्छेवर नसतं, थांबवता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ छातीत जातं. त्यानंतर धाप लागते, श्वास भराभर आणि उथळ होतो, एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्याला दहा सेकंदही रोखता येत नाही. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब उसळतो, हृदयाचे ठोके वाढतात. हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोहोचतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरू लागतं. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यातली एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे : या धक्क्याची तीव्रता १० ते १५ अंशांच्या पाण्यातच जवळजवळ पूर्ण झालेली असते. बर्फाळ पाणी लागत नाही. म्हणजे जुलैअखेरीचं, ‘आता बरंच तापलंय’ म्हणावं असं सुपिरियरचं पाणी हा पूर्ण धक्का देऊ शकतं.

ज्यांना रक्तदाब आहे, हृदयविकार आहे, त्यांच्यासाठी तर हे पहिलं मिनिटच सर्वांत धोक्याचं. शिवाय चेहरा गार पाण्यात गेला की शरीराची दुसरी एक प्रतिक्रिया हृदयाचे ठोके कमी करू पाहते, आणि त्वचेचा धक्का ते वाढवू पाहतो. दोन विरुद्ध आज्ञा एकाच वेळी हृदयाकडे जातात, आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. आपल्याकडे हृदयविकार तुलनेनं लहान वयात गाठतो. चाळिशीच्या गटानं पैजेवर उड्या मारण्याआधी हे माहीत असायला हवं.

पहिली तीन मिनिटं निभावली तर पुढचा टप्पा हातापायांचा. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यासाठी सोपं सूत्र दिलं आहे : एक-दहा-एक. श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला एक तास. संदेशातली ‘निर्धोक दहा मिनिटं’ आणि या सूत्रातली दहा मिनिटं शेजारी ठेवून पाहा. हातपाय कामातून जायला लागतात तोच हा काळ. बोटं वाकडी होऊन ताठरतात, पंजा मिटत नाही, दंडातली ताकद जाते. हात मारायचा वेग वाढतो पण अंतर कापलं जात नाही, पाय खाली ओढले जातात, शरीर पाण्यात उभं होऊ लागतं. टिप्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा चांगल्या पोहणाऱ्यांना नव्वद मिनिटं पोहायला सांगितलं होतं. २५ अंशांच्या पाण्यात दहाही जणांनी वेळ पूर्ण केली. १८ अंशांत आठांनी. १० अंशांत पाचच जणांनी. हे पट्टीचे पोहणारे होते, आणि तलाव बंदिस्त होता, देखरेखीखालचा होता.

‘एकदम उडी मारा’ हा सल्ला याच कारणासाठी उलटा आहे. हळूहळू उतरताना थंडी जास्त वेळ वाजते, हे खरंच आहे. पण तेवढाच धक्का हप्त्याहप्त्यानं येतो, तोंड पाण्याबाहेर राहतं, श्वास सावरायला वेळ मिळतो, आणि नको वाटलं तर पायाखाली वाळू असते. मार्क्वेटच्या ब्लॅक रॉक्सवरून उड्या मारणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. उडी मारणारा त्या पहिल्या श्वासाच्या वेळी पाण्याखाली असतो, आणि वर आल्यावर बधिर बोटांनी ओला खडक चढून बाहेर यायचं असतं. व्हिडिओत हे शेवटचं सहसा दिसत नाही.

उतरण्याची पद्धत अवघड नाही. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, प्रत्येक जागी थांबत जा. मानेवर, चेहऱ्यावर पाणी मारा. खांदे पाण्यात गेल्यावर लांब श्वास सोडण्यावर लक्ष ठेवा, आणि धाप पूर्ण बसेपर्यंत पोहायला सुरुवात करू नका. अचानक पडलात तर लगेच हातपाय मारू नका. उताणे व्हा, तरंगा, श्वास सावरू द्या, मग काठाचा विचार करा. पोहायचं ते काठाला समांतर, उभं राहता येईल अशा पाण्यात. आत, क्षितिजाकडे नाही. सोबत कोणीतरी, आणि कमरेला बांधायचा भडक रंगाचा तरंगता फुगा. बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच काढा, कोरडे चढवा, गरम काहीतरी प्या. बाहेर आल्यानंतरही काही वेळ शरीराचं आतलं तापमान उतरत राहतं, म्हणून लगेच गाडी चालवायला बसू नका. आणि उबेसाठी ब्रँडीचा घोट हा सल्ला कुणी दिला तर स्पष्ट नाही म्हणा; दारूनं त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि उष्णता आणखी वेगानं बाहेर जाते.

रोहन मोरे यांच्याबद्दल. त्यांचा अभिमान मलाही आहे. जगातल्या सात अवघड खाड्या आणि सामुद्रधुन्या पोहून जाण्याचं आव्हान २०१८ मध्ये पूर्ण करणारे ते पहिले आशियाई. त्यांपैकी उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनल ही तिच्या थंडीसाठी आणि जेलीफिशसाठी कुप्रसिद्ध आहे. पण त्यांच्या उदाहरणातून जे शिकायचं ते या संदेशानं नेमकं गाळलंय. असे जलतरणपटू महिनोन्‌महिने थंड पाण्याची सवय करतात. इंग्लिश खाडी पोहू इच्छिणाऱ्याला आधी १६ अंश किंवा त्याखालच्या पाण्यात सहा तास पोहून दाखवावं लागतं. शेजारून नाव चालते, त्यावर निरीक्षक असतात, ठरावीक वेळानं खाणं दिलं जातं, आणि बोलणं अडखळू लागलं तर माणसाला बाहेर काढलं जातं. खुद्द सुपिरियरही पोहून पार झालेलं आहे : कॅनडाच्या विकी कीथ यांनी १९८८ च्या उन्हाळ्यात पाचही महासरोवरं पार केली. हे सगळं तयारीवर घडलं. सवयीचा उपयोग होतो यात शंकाच नाही. तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनी पहिल्या मिनिटाचा धक्का निम्म्यावर येतो असं प्रयोगांत दिसलं आहे. ती सवय करा ना. ऑगस्टच्या शांत दिवसांत, कमरेएवढ्या पाण्यात, थोडी थोडी. पण ती दुसऱ्याच्या पराक्रमातून आपल्या अंगात येत नाही.

कोकणापेक्षा सुरक्षित? शार्क नाहीत आणि भरती-ओहोटी नगण्य, एवढं बरोबर. पण ओढ नाही असं कोणी सांगितलं? वाऱ्यानं लाटा उठल्या की पार्क पॉइंटवर रिप करंट, म्हणजे काठापासून आत ओढणारे प्रवाह, तयार होतात. तिथे हिरवे, पिवळे, लाल झेंडे त्यासाठीच लावतात. बंधाऱ्यांच्या आणि धक्क्यांच्या कडेनं वेगळे प्रवाह असतात. समुद्रात दोन लाटांमध्ये दम घ्यायला वेळ मिळतो, इथे लाटा तीन-चार-पाच सेकंदांनी एकामागून एक येतात. धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावर त्या कशा आदळत असतील याचा विचार करा. गोड्या पाण्यात शरीर समुद्रातल्यापेक्षा किंचित कमी तरंगतं, तेही आहेच. शेजारच्या लेक मिशिगनवर ४ जुलै २००३ रोजी, सुट्टीच्या दिवशी, एका किनाऱ्याच्या परिसरात सात जण प्रवाहात सापडून बुडाले. वादळ येऊन गेलेलं होतं आणि लोक पुन्हा पाण्यात उतरले होते. भरती-ओहोटी नसणं तिथे कुणाच्या उपयोगी पडलं नाही.

हवामान बदलाचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलूथ इथल्या महासरोवर वेधशाळेतल्या जे ऑस्टिन आणि स्टीव्हन कोलमन यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की १९७९ ते २००६ या काळात सुपिरियरच्या उन्हाळी पृष्ठभागाचं तापमान सुमारे अडीच अंशांनी वाढलं, तिथल्या हवेपेक्षाही जास्त वेगानं. हिवाळी बर्फ कमी होतो, मग ते तळापासूनचं ढवळणं लवकर संपतं, आणि वरच्या थराला तापायला जास्त दिवस मिळतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तर महासरोवरांवर बर्फ फारसा धरलाच नाही. पण यातून ‘आता थंड राहिलेलं नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. तापला तो वरचा पातळ थर. खालचं पाणी आजही चार-पाच अंशांचंच आहे, आणि नैऋत्येचा वारा सुटला की तेच वर येतं. वरचं पाणी जितकं उबदार, तितका माणूस बेसावध आणि तितकी ती घसरण मोठी. शिवाय तापण्याची दुसरी किंमतही दिसू लागली आहे : २०१२ आणि २०१८ च्या उन्हाळ्यांत, जोरदार पावसांनंतर, विस्कॉन्सिनच्या दक्षिण किनाऱ्यालगत निळ्या-हिरव्या शेवाळाचे थर पसरले होते. या सरोवरात ती गोष्ट पूर्वी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. असं पाणी दिसलं तर त्यात मुलांना आणि कुत्र्यांना सोडू नका.

जूनमध्ये भारतातून आईबाबा येणार म्हणून ज्यांनी डुलूथची खोली आधीच घेऊन ठेवली असेल त्यांनी ती रद्द करू नये. स्प्लिट रॉकचं दीपगृह पाहा, कॅनॉल पार्कवर मोठी जहाजं आत येताना पाहा, त्यांना स्वेटर घ्यायला लावा कारण काठावर हवा शहरापेक्षा कितीतरी गार असते. पाय बुडवा. पोहायचं असेल तर त्या महिन्यात मिनिआपोलिसमधली नोकोमिस, हॅरिएट ही तळी आहेत. ती सुपिरियरच्या मानानं फार लहान आहेत, लवकर तापतात, आणि जुलैत पंचवीस अंशांच्या आसपास पोहोचतात. सुपिरियरमध्येच पोहायचं असेल तर ऑगस्टचा शेवटचा किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडा ठरवा, आणि उथळ, आडोशाचे उपसागर निवडा : विस्कॉन्सिनमध्ये शुवॉमेगन बे, ओंटारियोत बॅचवाना बे. निघण्याआधी मागच्या दोन दिवसांचा वारा कुठून होता ते बघा, हवामान खात्याची किनाऱ्यासाठीची सूचना वाचा, आणि तिथे पोहोचल्यावर एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून कमरेएवढ्या पाण्यात सोडा. पंधरा सेल्सिअसच्या खाली आकडा आला तर त्या दिवशी वाळूवरच बसा.